दिवे फिरतात, मी नाही

“हळू, पोरी. तारेला पीळ पडू देऊ नकोस. आज पीळ पडला तर ही जन्मभर कुरकुरत राहील.”

मी ऐकलेला हा पहिला आवाज. माझ्या पोटात तांब्याची तार भरणाऱ्या बाई शेजारच्या नव्या मुलीला शिकवत होत्या. तारेला पीळ पडला नाही. कुरकुर मात्र माझ्या नशिबी आलीच आणि मित्रांनो, आज ती तुम्हाला ऐकून घ्यावी लागणार आहे.

मी एक जुनी मोटर आहे. पंख्याची नव्हे, पाण्याच्या पंपाचीही नव्हे. बॅटरीवर धावणाऱ्या गाडीची. त्या बाई काम करताना गुणगुणत असत. हात चालला की ओठ चालत. त्यातल्या दोन ओळी माझ्या तारेबरोबर माझ्यात गुंडाळल्या गेल्या:

फेऱ्यावरी फेरा, तांब्याचं वेटोळं,
फिरतीचं होई सोनं, बसतीचं काजळ.

तेव्हा मला त्यांचा अर्थ कळला नव्हता. आता कळतो, आणि कळून डोकं उठतं.

माझी पहिली तीन वर्षं सोन्याची गेली. औषधांची खोकी पोचवणाऱ्या एका बुटक्या गाडीत मला बसवलं होतं. चढ आला की मी कंबर कसायची. उतार आला की उलटी वीज करून बॅटरीला परत द्यायची, शेजारणीला वाटीभर साखर परत करावी तशी. चालक मोठा बोलका होता. “आमची बाई कधी दमत नाही,” असं तो प्रत्येक दवाखान्याच्या दारात सांगायचा. धावताना मी बारीक शीळ घालायची. त्याला ती इतकी सवयीची झाली होती की शिळेत फरक पडला तर तो गाडी थांबवून चाकं तपासायचा.

मग एका वळणावर मागून ट्रक आदळला. गाडीचा सांगाडा वाकला, मला ओरखडाही आला नाही. मालकांनी मला विद्यापीठाला देऊन टाकलं. “मुलं शिकतील हिच्यावर,” ते म्हणाले. मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू. आणि पहिलं वर्ष तसंच गेलं. इलेक्ट्रिक गाड्यांच्या नव्या अभ्यासक्रमाची पहिली तुकडी माझ्याभोवती माशांसारखी घोंगावायची. त्यांनी मला उघडलं, चुंबकं मोजली, पुन्हा मिटलं, एक स्क्रू उरला म्हणून पुन्हा उघडलं. मला गुदगुल्या व्हायच्या. मग एके दिवशी एकानं जोडणी चुकवली आणि मला वीज पुरवणारा कंट्रोलर फट्कन जळाला. मुलगा रडवेला झाला. खरं तर त्या दिवशी ती तुकडी जेवढं शिकली तेवढं वर्षभरात शिकली नव्हती.

पण दुसऱ्याच आठवड्यात तपासणीला समिती यायची होती. विभागप्रमुख सर म्हणाले, “वस्तू नीट दिसली पाहिजे.” नवा कंट्रोलर आणण्याऐवजी त्यांनी काच आणली.

त्या दिवसापासून, मित्रांनो, मी काचेच्या पेटीत आहे. माझ्या तिन्ही जाड नारिंगी तारा सोडवल्या गेल्या. माझ्याभोवती निळ्या दिव्यांची माळ लावली गेली. पेटीला एक बटण आहे. ते दाबलं की दिवे गरगर फिरतात आणि बघणाऱ्याला वाटतं, मीच फिरते आहे. मी? माझ्या बेअरिंगातलं ग्रीस घट्ट होऊन सहा वर्षं झाली. आणि तरी “वा, काय वेग आहे,” असं म्हणणारे निदान चारशे बाप मी ऐकले आहेत.

प्रवेशाच्या दिवसांत तर जीव विटतो. आई-वडील मुलांना घेऊन कॉलेज निवडायला येतात. कॅन्टीन कसं, वसतिगृहाला गरम पाणी आहे का, नोकरी लागते का, भिंतीला रंग कधी दिला, सगळं विचारतात. माझ्यापुढे उभं राहून फोटो काढतात. काचेवर बोटांचे ठसे उमटवतात. एवढी शहाणी माणसं. पण या मशीनला मुलांचे हात लागतात का, एवढं एक विचारायला कुणाची जीभ वळत नाही.

ते ठसे पुसण्याचं काम किल्लीकाकांचं. प्रयोगशाळेचे मदतनीस ते. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, म्हणून मुलांनी ठेवलेलं नाव. जिना चढायला लागले की आधी जुडगा येतो, मग काका. माझ्या तारा त्यांनीच सोडवल्या होत्या, सरांच्या सांगण्यावरून. टेबलाच्या खालच्या खणात जुन्या टॉवेलात गुंडाळून ठेवल्या आहेत. काच पुसताना ते माझ्याकडे बघत नाहीत. मी मात्र त्यांच्याकडे बघते. आणखी करणार काय?

यंदा त्यांच्या मुलीची बारावी झाली. तिला इलेक्ट्रिक गाड्यांचंच शिकायचं होतं. दोन ठिकाणी नंबर लागला: एक इथं, जिथं कर्मचाऱ्यांच्या मुलांना जागा राखीव असते आणि घर दहा मिनिटांवर आहे, दुसरं रात्रभराच्या प्रवासावरच्या एका साध्या विद्यापीठात. एक जागा पक्की केली की दुसरी सोडावी लागणार, आणि शेवटची मुदत शनिवारी संध्याकाळी पाचची.

शुक्रवारी ती वडिलांचा डबा घेऊन आली आणि स्टुलावर बसली.

“बाबा, तिकडच्या लॅबला पत्र्याचं छप्पर आहे.”

“मग? उन्हाळ्यात पापडासारखी भाजून निघशील.”

“तिकडच्या मुलींच्या नखांत ग्रीस असतं.”

“तो काय दागिना आहे मिरवायला?”

“मला आत जाऊ दिलं नाही. एक मुलगी दारातूनच ओरडली, थांब, मोटर चालू आहे, आधी चष्मा घाल.”

“बघ. पाहुण्यांशी बोलायची रीत नाही.”

ती हसली आणि स्टूल पुढे ओढून म्हणाली, “आईला विचारलं तर म्हणते बाबांना विचार. तुम्हाला विचारलं तर म्हणता आईला विचार. मी टेनिसचा चेंडू आहे का?”

“इथं काय वाईट आहे?” काका डब्यातच बघत म्हणाले. “ही बघ. अशी मोटर तिकडे आहे का?”

मित्रांनो, माझ्याकडे बोट. माझ्याकडे. तोंड असतं तर तेव्हाच बोलले असते.

ती उठली आणि काचेला कान लावून उभी राहिली. “बाबा, ही चालते तेव्हा आवाज कसा येतो?”

काकांनी घास खाली ठेवला, फडकं उचललं आणि सकाळीच पुसलेली काच पुन्हा पुसायला घेतली.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, पालकांना विभाग दाखवायचा होता. पंधरा-वीस जणांच्या घोळक्यात तीही होती, हातात फोन घेऊन. काका दाराशी उभे. सरांनी बटण दाबलं. दिवे पळायला लागले. “वा,” कुणीतरी म्हणालं, म्हणजे चारशे एक.

“आवाज कसा येत नाही हो?” एका आजींनी विचारलं.

“आजी, हीच तर इलेक्ट्रिकची गंमत,” सर म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. खऱ्या गोष्टीच्या पदराआड खोटं किती सुखानं झोपतं, ते मी सहा वर्षं बघते आहे.

“सर,” काकांची लेक म्हणाली, “मी दुसरीकडे पाहिली ती मोटर शीळ घालत होती. बारीक, पण दाराबाहेर ऐकू येत होती.”

“जुन्या बनावटीची असेल.”

जुन्या बनावटीची! मी आयुष्यात रागानं फिरले असते तर त्या क्षणी. अहो, मीही शीळ घालायची. चढावर एक, उतारावर दुसरी. पण माझी शीळ एका खणात, टॉवेलात गुंडाळलेली.

मित्रांनो, माझं एवढं ऐका. पुढंमागं तुम्ही शिकायची जागा निवडायला जाल, तेव्हा चकचकीत काच बघून भुलू नका. तिथल्या वस्तूंवर ओरखडे आहेत का बघा. टेबलावर जळाल्याचा डाग आहे का बघा. आणि तुमच्या घरी, शाळेत माझ्यासारखं कुणी नुसतं पुसून ठेवलेलं असेल, तर त्याला वापरा. बिघडलं तर दुरुस्त करा. जपणं म्हणजे कुलूप लावणं नव्हे. हे मला सांगता येत नव्हतं. सांगता येणारा माणूस दाराशी उभा होता आणि त्याच्या जुडग्याचा आवाजही येत नव्हता.

घोळका सरांमागून पुढच्या खोलीकडे निघाला. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून चाळीस मिनिटं झाली होती. ती मागे राहिली आणि वडिलांजवळ आली.

“बाबा, इथलीच जागा पक्की करते. तुम्हाला बरं वाटेल.” तिनं फोनवर पान उघडलं. अंगठा खाली आला.

“थांब.”

काकांनी तिचं मनगट धरलं होतं. दारातून सर वळून बघत होते, ते काकांना दिसत होतं. तरी ते माझ्या पेटीपाशी गेले, आणि सहा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं.

“दिवे फिरतात, बाळ. ही फिरत नाही. हिच्या तारा मीच सोडवल्यात, माझ्या खणात आहेत. सहा वर्षांत एका पोराचा हात लागलेला नाही हिला.” बोलायचं संपलं असं मला वाटलं. मग जुडगा हातात घट्ट धरून ते हळूच म्हणाले, “हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तू घर सोडून जाशील, म्हणून बोललो नाही.”