धारोष्ण

पॅथॉलॉजिस्ट बाईंनी काच पुन्हा भिंगाखाली सरकवली आणि या खेपेला दुसऱ्या टोकापासून बघायला सुरुवात केली. मोठ्या आतड्याचा नखाएवढाही नसलेला तो तुकडा. वरचा थर मेलेला, खालच्या ग्रंथी आक्रसलेल्या. रक्त कमी पडलं की आतडं असंच दिसतं. पण ते कमी का पडलं, हे काच सांगत नव्हती, आणि उत्तर अर्धवट सोडून जेवायला जाणाऱ्यांतल्या बाई नव्हत्या.

तेवढ्यात सर्जनचा फोन आला.

"मॅडम, आजोबांचं हृदय अधू आहे. रक्तपुरवठाच तुटलाय. दुपारी घेतो आणि तेवढं आतडं काढून टाकतो."

"स्कॅनमध्ये मोठ्या रक्तवाहिन्या मोकळ्या आहेत. मग या बारीक वाहिन्यांत गुठळ्या आल्या कुठून?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"जंतू असेल. मला थोडा वेळ द्या."

काही जंतूंचं विष आतड्यातल्या केसाएवढ्या वाहिन्या बुजवतं. करणी जंतूची आणि आळ रक्तपुरवठ्यावर. तसं असेल तर आतडं बहुधा आपलं आपण सावरतं. उगाच कापलं तर असल्या हृदयाचा माणूस टेबलावरून उठेलच याची खात्री नाही. पण हा जंतू मुद्दाम शोधावा लागतो, आणि इथे तर संसर्गाचा कुणाला संशयच आला नव्हता. बाई जिना चढून वॉर्डात गेल्या. ज्यांचे तुकडे त्या वर्षानुवर्षं बघत आल्या, ती माणसं त्यांनी क्वचितच पाहिली होती. हा माणूस कसा असेल, याचं त्यांना खरोखरच कुतूहल होतं.

माणूस लहानखुरा, ताठ मानेचा निघाला. शेजारी त्याची मुलगी बसली होती.

"काका, आठवडाभरात काही कच्चं, अर्धवट शिजलेलं खाण्यात आलं?"

उत्तर मुलीनेच दिलं. "आमच्याकडे? बाबा दूध-निरीक्षक होते, मॅडम. दूध उतू जाईपर्यंत उकळलं नाही तर घर डोक्यावर घेतात. लहानपणी मी मैत्रिणीकडे कच्चं दूध प्यायले, तर दोन दिवस माझ्याशी बोलले नव्हते."

"काका?"

"काही नाही," ते छताकडे बघत म्हणाले.

"जंतूचं निघालं तर बहुतेक ऑपरेशन टळेल."

आतडं गेलं तरी चालेल, पण मुलीसमोर तोंड उघडायचं नाही, असा त्यांचा चेहरा. ताकाला जाऊन भांडं लपवणारी माणसं बाईंनी पाहिली होती. इथे गोष्ट जिवावर बेतली होती, तरी भांडं काही पुढे येईना. त्यांना राग येण्याऐवजी गंमत वाटली, आणि मग एकदम काळजी.

"बरं, तुमच्याबरोबर आणखी कुणी होतं का? मोठी माणसं यातून निभावतात. लहान मुलांची कधीकधी मूत्रपिंडं जातात."

ते कोपरावर भार देऊन उठून बसले.

"फोन दे," ते मुलीला म्हणाले.

फोन त्यांच्या गोठेवाल्या मित्राला लागला. "अरे, गोठ्यात आहेस का? तुझ्या नातीला दूध देऊ नकोस. उकळल्याशिवाय थेंबसुद्धा नको… हो, मीच म्हणालो होतो धारोष्ण पाज म्हणून. माझ्याच पेल्यातलं दिलं तिला. आता मीच नको म्हणतोय."



"बाबा, तुम्ही कच्चं दूध पिता?"

"कधीतरी." मग पांघरूण सारखं करत, "रोज. फिरायला जातो ना, तेव्हा. जन्मभर नुसतं नळीत घालून तपासलं. चव कशी असते, कळलंच नव्हतं."

पलीकडून मित्र काहीतरी सांगत होता. ऐकता ऐकता त्यांची मान खाली गेली.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं. मग फोन बाईंपुढे धरला. "पोट दुखतंय म्हणून ती आज शाळेत गेली नाही. तुम्हीच बोला."

बाईंनी फोन घेतला. "तिला आत्ताच्या आत्ता इथे घेऊन या. वाटेत कुठलंही औषध देऊ नका, या जंतूत ते उलटू शकतं."

मग सर्जनला थांबवायला त्या आपला फोन काढू लागल्या, तेव्हा काकांनी त्यांची बाही धरली.

"माझं नंतर बघा, बाई. तिच्यासाठी खाट आहे का, ते आधी विचारा."