दुसरा बेंड

फोन आला तेव्हा भैय्याजी परसातल्या टिनाच्या शेडमध्ये जाड लोखंडी पट्टी व्हाइसच्या जबड्यात आवळून मनकर्णाची वाट पाहत बसले होते. ती सकाळीच शेजारच्या अनुसयाबाईसोबत पुलगावहून केळझरला गेली होती. गणपतीला गोवऱ्यांवर भाजलेल्या रोडग्यांचं जेवण कबूल केलं होतं, त्याची जागा पाहायला. जाताना नवऱ्याला बजावून गेली, "दुसरा बेंड एकट्यानं घेऊ नोका. मले येऊ द्या."

फोनवर अनुसयाबाई होती. "भाऊजी, मनकर्णा पायरीवर टेकली व्हती. आता उठून नाई राह्यली. हाका मारतो, बोलत नाई."

भैय्याजींनी फोन ठेवला आणि आधी व्हाइस सैल केला. का केला, ते त्यांना आजही सांगता येत नाही. मग चप्पल शोधली.

नवस नातीसाठी होता. गुंजन बरीच मोठी झाली तरी पायावर उभी राहत नव्हती. मनकर्णा गणपतीला बोलली, पोरगी चालू दे, तुझ्या दारात रोडगे करीन, आणि वरणाचं गंज माझ्या स्वतःच्या चुलीवर चढवीन. कुणाच्या तरी रोडग्यांना चुलीचा दगड सरकून वरणाचं अख्खं पातेलं कलंडलं होतं, लोकांना कोरडेच रोडगे खावे लागले होते. तेव्हापासून तिचा दगडांवर विश्वास नव्हता. पुढे गुंजन चालली, पळायलाही लागली. भैय्याजींनी चुलीसाठी बोटभर जाडीची, वीतभर रुंद पट्टी आणली. दोन बेंड घेतले, म्हणजे दोन ठिकाणी काटकोनात वाकवली, की तीन बाजूंची चूल होते. पहिला बेंड दोघांनी मिळून घेतला होता.

अशी पट्टी वाकवायची मशीन घरी नसते. भैय्याजी पट्टी व्हाइसमध्ये उभी आवळत, वरचं टोक दोन लोखंडी अँगलच्या मध्ये कसत, अँगलमध्ये लांब पाइप घालत आणि पाइपाला लोंबकळत. पट्टी हळूहळू खाली येई. पण लोखंड सोडलं की थोडं मागे जातं. म्हणून काटकोनाच्या जरा पुढे न्यावं लागतं, आणि किती पुढे ते लोंबकळणाऱ्याला दिसत नाही. ते मनकर्णाला दिसे. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राही, एक डोळा मिटून समोरच्या भिंतीची कड धरी. पट्टी त्या कडेच्या चिंचोकाभर खाली गेली की म्हणे, "बस." भैय्याजी सोडून देत. काटकोन तपासायचा गुण्या लावला तर मधून उजेड दिसत नसे. तिच्या "बस"पुढे त्यांनी पाइप कधी ओढला नाही.

मनकर्णाचं वर्षश्राद्ध झालं. अनुसयाबाईनं दारातूनच सांगितलं, "भाऊजी, नवस बाकी ठेवू नोका. तिचा जीव अडकून राहीन." नागपूरहून मुलगा भूपेंद्र आला.

"बाबा, द्या ती पट्टी इकडं. आमच्याकडं मशीनवर दोन मिनिटात वाकवून देते."

"मशीनवर नाई."

"मंग तीन दगडं मांडू."

"दगडं मांडले तं तुही माय गणपतीसमोरच भांडन माह्याशी."

भूपेंद्र हसला. भैय्याजींनाही हसू आलं, पण ते तोंडापर्यंत आलं नाही.

दुपारी पट्टी पुन्हा व्हाइसमध्ये चढली. भूपेंद्र स्वयंपाकघराच्या दारात, आईच्या जागी उभा राहिला. भैय्याजी पाइपाला लोंबकळले. लोखंड कुरकुरलं, पट्टी खाली यायला लागली.

"बस."

त्यांनी पाइप सोडला.

"काऊन सोडला बाबा? अजून अर्धा बाकी आहे."

"तू म्हनला ना."

"मी कुठं म्हनलो?"

आवाज दाराकडूनच आला होता. भैय्याजींनी हात पुसले आणि पुन्हा पाइप धरला. पट्टी बोटभर हलली असेल नसेल, तोच परत, "बस." तसाच, घाई नाही, राग नाही, कढईत तेल पुरे झालं की म्हणायची तसा. हात आपोआप सुटले.

"सरा तुमी. मी ओढतो," भूपेंद्र म्हणाला. त्यानं पाइप धरला तेव्हा भैय्याजींनी त्याचा हात धरला.

"ती बस म्हनते."

भूपेंद्रनं दाराकडे पाहिलं. दारात कोणी नव्हतं. त्यानं पाइप हळूच काढून भिंतीला टेकवला आणि खाली मान घालून म्हणाला, "चहा करतो."

तो गेल्यावर भैय्याजी स्वतः दारात जाऊन तिच्या जागी उभे राहिले. एक डोळा मिटला. पट्टीचं टोक भिंतीच्या कडेपासून कितीतरी वर होतं. चुकीचं होतं, आंधळ्यालाही कळलं असतं. तिची नजर कधी चुकत नव्हती. मग ती आताच बस का म्हणते? हा बेंड झाला की तिला या दारात यायचं काही काम उरणार नाही, एवढंच त्यांना सुचलं. ते तिच्या मनातलं की आपल्या, हे त्यांना ठरवता आलं नाही.

तेव्हापासून ते रोज पाइप लावतात. रोज पट्टी हलायच्या आधीच ती बस म्हणते. ते सोडून देतात.

गुंजन आता शाळेत पळत जाते. दुसरा बेंड अर्धा आहे. केळझरचे रोडगे व्हायचे आहेत.