नंदाकाकूंची हाक

कचऱ्याचे बिन्स बाहेर काढताना पैज लागली.

"अवध्या, रविवारी मंडळात माझी टेप वाजवतोय. वडे आले तरी एक माणूस उठणार नाही," शेजारचे जयंतकाका म्हणाले.

"काका, मेडनहेड इंग्लंडात असलं तरी मंडळ मराठीच आहे. वड्यांचा वास आला की लोक अध्यक्षांच्या भाषणातून उठतात."

"मग लाव पैज. हरेल त्यानं स्टेजवर उखाणा घ्यायचा."

तेवढ्यात कुंपणापलीकडून नंदाकाकूंनी स्वतःची अट घातली. "हे हरले तर ती दोन्ही धुडं टिपवर, कचरा डेपोत. तिथलं पुढच्या शनिवारचं बुकिंग केलंय मी. मला गराज रिकामं हवंय."

धुडं म्हणजे काकांची रिळांची जुनी टेप-मशीन्स.

त्यांचं संगीत म्हणजे काय, तर काकूंनी लग्नानंतर कधीतरी मारलेली आणि टेप झालेली हाक. "अहो, जेवायला चला." टेपचा तेवढाच तुकडा ब्लेडनं तिरका कापायचा, टोकाला टोक चिकटवून माळ करायची, मशीनवर चढवायची आणि लोंबता भाग लाटण्याला अडकवायचा. हाक संपतच नाही. तशीच माळ दुसऱ्या मशीनवर. दोन्ही एकदम सुरू करायची, एक हळूहळू पुढे सरकते आणि त्यातून ताल निघतो म्हणे.

गराजमध्ये निघाला नाही. काकांनी मशीन्सचं इतकं सर्व्हिसिंग केलेलं की दोन्ही हातात हात घालून चालत होती. काकू नुसत्याच जेवायला बोलावत राहिल्या.

असं असताना माणसानं गप्प बसावं. पण माझे हात शिवशिवतात. रविवारी हॉलवर काका चहाला गेले तेव्हा एका मशीनच्या टेप ओढणाऱ्या दांडीवर मी सेलोटेप गुंडाळली. दांडी जाड झाली की टेप पळणार, सगळा विचका होणार.

सुरू झालं. एक हाक पुढे सटकली. अहो-अहो, जेवा-जेवायला. हॉल हसला. मग हसू थांबलं. हाका एकमेकींना गाठायला लागल्या, तुटल्या, चला-ला-चला-ला असा ठेका धरला. पुढच्या रांगेतले पाय हलायला लागले. वडे आले, वास आला, कोणी उठेना. किचनच्या दारात काकू झारा धरून उभ्या होत्या, त्याही हलेनात.

टेप थांबल्यावर काकांनी दांडीवरची सेलोटेप सोलून माझ्या खिशावर चिकटवली.

"पाहिलं होतं मी."

"मग काढली का नाही?"

"अरे गाढवा, आठवडाभर मी हेच शोधत होतो."

काकू पुढे आल्या. "अहो, ते शनिवारचं बुकिंग कॅन्सल करा." मग झारा माझ्याकडे. "आणि ह्याला वर पाठवा."

माझी बायको स्वाती फोन धरून तयारच होती. मी माइक घेतला.

"रिळावर रीळ फिरतं, जोड बसलाय घट्ट, स्वातीचं नाव घेतो, सोडला माझा हट्ट."

"थांब," काका खालून म्हणाले, "मशीनवर रेकॉर्डचं बटण दाबायचं राहिलं. परत घे."

घेतला परत. वडे गार होत होते आणि एक माणूस उठला नाही.