कोरलेला भाव

वहीत नव्वद ओळी, आणि राजरत्नला नव्वदच्या नव्वद तोंडपाठ! आपल्याकडं याला हुशारी म्हणतात. सांगलीच्या त्या कॉम्प्युटर क्लासात शौनकसर वेबसाइट बनवायच्या फ्रेमवर्कच्या, म्हणजे तयार सांगाड्याच्या, ओळी सांगायचे, पोरं उतरवून घ्यायची आणि पाढ्यांसारख्या घोकायची. 'का' विचारणारा आगाऊ ठरायचा.

नव्व्याण्णवचा मार्च. हळदीचे व्यापारी नानासो यांना परगावच्या गिऱ्हाइकांसाठी रोजचा भाव वेबसाइटवर हवा होता. "सौदं संपायच्या आत आजचा भाव बरोबर दाखीव, नोकरी तुझी. न्हाईतर दुसरा बघतो," त्यांनी राजरत्नला बजावलं होतं. कोरेगावात थोरल्या भावानं स्वतःचं कॉलेज सोडून त्याला इथं धाडलं होतं. रिकाम्या हातानं परत जायचं कोणत्या तोंडानं?

नानासोंच्या गोदामाच्या कोपऱ्यात कॉम्प्युटर होता. राजरत्ननं नव्वद ओळी धडाधड टाइप केल्या. पान उघडलं. नानासो वाकून बघू लागले.

"आरं, ह्यात तर डिसेंबर लिवलंय! आन् हा भाव कुठला?"

सरांनी शिकवलं त्या दिवशीची तारीख, उदाहरणातला भाव, सगळं राजरत्ननं जसंच्या तसं पाठ केलं होतं! घाईनं आकडा बदलला, तोवर बाहेरच्या लिलावात नवा भाव पुकारला गेला. पुन्हा बदलताना मधल्या दोन ओळी पुसल्या गेल्या. आणि आता पहिल्यापासून म्हटल्याशिवाय त्या आठवेनात!

शेजारी पोत्यांवर पेढीचं नाव उमटवणाऱ्या आक्काताई मघापासून बघत होत्या. हातात अक्षरं कोरलेला पत्रा आणि शाईचा कुंचला.

"काय रं पोरा, दर खेपेला समदं नव्यानं लिवतुयास?"

"क्लासात आसंच शिकिवलंय, आक्काताई."

"आसंल. पर ह्यो पत्रा बघ. पेढीचं नाव कोरलंय, वजनाची जागा मोकळी. वजन बी कोरलं तर दर पोत्याला नवा पत्रा आणू व्हय? तुझ्यात ठरल्यालं काय आन् बदलणारं काय, ते आदी सांग की!"

राजरत्ननं पत्रा हातात घेऊन मोकळ्या जागेवरून बोट फिरवलं. सहा महिन्यांत हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता, आणि त्यानं स्वतःलाही नाही. अरेच्चा! वहीतला तो नुसताच घोकलेला 'टेम्प्लेट' शब्द म्हणजे हा पत्रा! भावाची फाईल वेगळी, आणि पान मागितलं की वेबसाइट चालवणारा सर्व्हर दोन्ही जोडून देतो.

त्यानं घोकलेलं बाजूला ठेवलं. तारीख आणि भाव वेगळ्या फाईलीत ठेवले, पानात त्यांची जागा मोकळी सोडली. दोनदा चुकला, पण आता चूक कुठं आहे ते कळत होतं. शेवटचा भाव पुकारला गेला. त्यानं फाईलीतला एकच आकडा बदलला, पान पुन्हा उघडलं. आजची तारीख, आजचा भाव!

"सोमवारपास्नं ये," नानासो म्हणाले. आक्काताई पुढच्या पोत्याकडं वळल्याही होत्या.

संध्याकाळी क्लासात सर नवीन ओळ सांगू लागले. राजरत्ननं पेन खाली ठेवलं.

"सर, ही ओळ कशासाठी?"

सरांचा चेहरा लालबुंद झाला. मग ते हळूच खुर्चीत बसले.

"खरं सांगू? मलाही कधी कुणी विचारू दिलं नाही. बस, आज शोधूया."

मंडळी, घोकलेली विद्या डिसेंबरचाच भाव सांगत राहते. आजचा भाव कळायला 'का' विचारावंच लागतं. तुमच्या घरातलं पोर उद्या ते विचारील, तेव्हा डोळे वटारू नका.