दोन वायरींच्या टोप्या

मी कॅप्चर बोलतोय. जुन्या व्हिडिओ कॅसेटमधलं सगळं कॉम्प्युटरात पोचवणारी बोटाएवढी काळी डबी असते ना, ती मी. बोलायला पाहिजे होतं तेव्हा मला वाचा नव्हती. आता सगळं होऊन गेल्यावर फुटलीय. माणसांचंही बहुतेक असंच होतं, एवढं मी बघितलंय.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, मला माहीत नाही. डबा उघडला तो सांगलीत, हळदीच्या एका पेढीच्या माडीवर, महेंद्रच्या दुकानात. दुकानाला सगळे ‘मिक्सिंग’ म्हणतात. लग्नाचं शूटिंग इथं येतं, कापलं-जोडलं जातं आणि त्याच्यावर गाणी चढतात. खालून हळदीची धूळ वर येते आणि सगळ्यांना हळद लावून जाते, लग्न असो नसो.

माझ्याबरोबर तीन वायरींची एक वेणी आली होती. पिवळीतून चित्र येतं, लाल आणि पांढरीतून आवाज. तिघींच्या टोकांना पारदर्शक टोप्या होत्या. महेंद्रनं पहिल्याच दिवशी पिवळीची टोपी काढून फेकली. बाकी दोघींच्या तशाच राहिल्या.

त्याच्या धंद्यात आवाज म्हणजे कचरा. मांडवामागं जनरेटर, कुणी वाढप्यांच्या नावानं ओरडतंय, कुणाचं पोर रडतंय. गिऱ्हाइकाला हे नको असतं, गाणं पाहिजे असतं. “आवाज घ्या, मग पुसा, मग गाणं टाका. डबल काम हाय गड्या,” असं तो मित्रांना सांगायचा आणि पिवळी तेवढी खुपसायचा. किती वऱ्हाडं माझ्यातून गेली, सगळी मुकी.

मग महेंद्रचंच लग्न झालं. पायल फलटणकडची. दुपारी डबा घेऊन यायची, तो जेवेपर्यंत स्टुलावर बसायची. बोलायची कमी, बघायची जास्त. महेंद्र चांगला माणूस. फक्त समोरच्याला काय हवंय ते आपल्याला आधीच कळलंय, अशी त्याची खात्री असायची.

एके दिवशी तिनं पिशवीतून एक कॅसेट काढली.

“अहो, ही बघता का? जमलं तर.”

“कसली हाय?”

“माझ्या बारशाची. आईकडं होती.”

“म्हणजे तुझा पहिला पिक्चर. करू की. असा करतो, बघतच राहशील.”

ती हसली. कॅसेट त्याच्यापुढं ठेवली.

महेंद्र चहाला खाली उतरला, तेव्हा तिनं फोन स्पीकरवर टाकला आणि डबा आवरत आईशी बोलली. मी टेबलावरच होतो.

“दिली गं त्यांना.”

“बाबांचं बोलणं ऐकायचंय म्हणून सांगितलंस का?” अंजनाबाईंनी विचारलं.

“असं कसं सांगू? रडू आलं तर? नवीन घर हाय. कॅसेट लागली की कळंलच त्यांना.”

पायलचे वडील जोतीराम फौजेत होते. बारशाला रजेवर आले. कॅमेरावाल्यानं त्यांना लेकीला घेऊन उभं केलं आणि काहीतरी बोला म्हणाला. ते बोलले. अंजनाबाई तेव्हा आत घुगऱ्या वाढत होत्या, त्यांनी ऐकलं नाही. पायल चालायला लागायच्या आधी तिकडंच, नोकरीच्या ठिकाणी, डोंगरातल्या रस्त्यावर, जोतीरामांची गाडी दरीत गेली. कॅसेट मिक्सिंगला द्यायची राहिली, म्हणून तिच्यावर गाणं चढलं नाही. घरात त्यांचे फोटो पुष्कळ होते. आवाज त्या एका कॅसेटमध्ये होता.

आवाजाचं हे मला कळलं. महेंद्रला नाही.

त्यानं कामाला हात घातला तो मात्र जिवापाड. मिरजेहून जुना व्हीसीआर आणला, त्याचं हेड स्पिरिटनं पुसलं, कॅसेटवरची पांढरी बुरशी कापसानं टिपली. मला लावलं, तर नुकत्याच घेतलेल्या कॉम्प्युटरनं मला ओळखच दाखवली नाही. माझी ओळख पटवणारा जुना ड्रायव्हर शोधून त्यात घातला. चित्र आलं, पण काळं-पांढरं आणि वरून खाली घरंगळणारं, कारण नव्या कॉम्प्युटरात मी दुसऱ्या देशाच्या टीव्हीच्या पद्धतीवर लागलो होतो. ते बदललं. मग कोडेकचं दुखणं निघालं. कोडेक म्हणजे चित्राची घडी घालायची रीत. मी घातलेली घडी एडिटिंगच्या सॉफ्टवेअरला उलगडता येईना, नुसता हिरवा पडदा. रीत बदलली, तर हात हलला की कडेला कंगव्याचे दात दिसायचे.

प्रत्येक वेळी तपासायला तो कॅसेटमधली एकच जागा लावायचा. फौजी कट, मिशा, कडेवर झबल्यातली पोर. “ह्यो चेहरा जवळून हाय. चूक लगेच दिसती,” असं स्वतःशी म्हणायचा. मागं घ्यायचा, लावायचा, थांबवायचा. पुन्हा मागं. मोबाइलवर गाणी चालू असायची, टाकायला कुठलं शोभेल ते बघत होता ना.

मी बघत होतो. जोतीरामांचे ओठ हलायचे. आवाज व्हीसीआरच्या मागच्या लाल-पांढऱ्या भोकांपर्यंत येत असणार, आणि पुढं वाट नाही बघून तिथंच विरत असणार. माझ्या दोन वायरी टोप्या घालून शेजारी लोंबत होत्या.

शेवटी सगळं जुळलं. अख्खी कॅसेट त्यानं माझ्यातून नेली, चित्र लख्ख. रंग एकदा ताडून बघू म्हणून पुन्हा त्याच चेहऱ्यावर थांबवली, आणि व्हीसीआर कुरकुरला. टेप आत गुंतली. त्यानं हलक्या हातानं सोडवली, बोटानं सरळ केली.

“असू दे. चित्र तर आलंय,” म्हणाला.

रविवारी अंजनाबाईंना मुद्दाम बोलावलं होतं. पायल त्यांच्या शेजारी, पदराचं टोक मुठीत धरून. महेंद्रनं अजून गाणं टाकलं नव्हतं, सासूबाईंच्या पसंतीचं टाकणार होता. पडद्यावर जोतीराम आले. ओठ हलले.

“आवं पाव्हणं, आवाज वाढवा की जरा,” अंजनाबाई म्हणाल्या.

महेंद्रनं माउस हलवला. वाढवायला तिथं काही नव्हतं.

“आवाज घेतला न्हाई मामी. वर गाणं टाकायचंय ना.”

पायलनं मान खाली घातली. मग अंजनाबाईंनीच सांगितलं, पोरीला काय ऐकायचं होतं ते. महेंद्रनं ऐकलं, आणि त्यानं त्या दोन टोप्या काढल्या. नखानं निघेनात, तेव्हा दातानं काढल्या.

टेप पुन्हा लावली. माझ्यातून पहिल्यांदा आवाज गेला. भांडी वाजली. बायकांनी पाळणा म्हटला. कुणीतरी “घुगऱ्या हिकडं आणा गं” म्हणालं, कुत्रं भुंकलं, सगळं अगदी स्वच्छ. जोतीराम पुढं आले, लेकीला सावरलं आणि खाकरले.

आणि मग घर्र. टेप चुरगळली होती ती नेमकी तिथं, आणि आवाज असतो तो टेपच्या कडेला. घर्र संपली तेव्हा ते बाजूला झाले होते.

“एवढं हाय बघ त्यांचंच,” अंजनाबाई म्हणाल्या. “बोलायच्या आदी असंच खाकरायचं.”

पायल म्हणाली, “मी आधी सांगायला पाहिजे होतं.”

“मी विचारायला पाहिजे होतं,” महेंद्र म्हणाला.

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं, असं तो नंतर मला पुसताना पुटपुटला. त्या व्हिडिओवर त्यानं गाणं टाकलं नाही. मिरजेच्या, कोल्हापूरच्या माणसांना टेप दाखवून आला. सगळ्यांनी नाही म्हणून मान हलवली.

आता कॅसेटची कामं क्वचित येतात. मी ड्रॉवरमध्ये असतो, वेणीसकट. तिन्ही टोकं उघडी, तिन्हींवर हळद. कधी काम आलंच, तर महेंद्र आधी गिऱ्हाइकाला खुर्ची देतो आणि विचारतो, “ह्यात तुमचं काय हाय?” लोकांना प्रश्न विचित्र वाटतो. तुमच्याही कपाटात अशी एखादी कॅसेट असेल. कुणाच्या हाती देताना त्यात काय आहे ते तोंडानं सांगा. नवीन घर असलं, रडू आलं, तरी सांगा.

पायल अजून दुपारी डबा आणते. तिच्या मोबाइलवर तो तुकडा आहे. महेंद्र हात धुवायला गेला की ती तो लावते. ड्रॉवरमध्ये मला ऐकू येतं, एक पुरुष खाकरतो. आणि दरवेळी ती आणि मी पुढचं ऐकायला थांबतो.