डावा खांदा

साहेबांची नोकरी गेली ती ग्राहक-संबंध विभागातली. त्या विभागात इतकी वर्षं बसून त्यांनी एकाही ग्राहकाचं तोंड पाहिलं नव्हतं, असं त्यांची बायको म्हणायची, आणि ते खरं असल्यामुळे ते चिडायचे. 'साहेब' हे नावही तिनंच दिलेलं. ऑफिसात त्यांना कुणी साहेब म्हटल्याचं ऐकिवात नाही.

बायको कपडे शिवायची. गिऱ्हाइकं तिला ताई म्हणत. आपणही तेच म्हणू. दुकान ताईंच्या वडिलांचं. खाली दुकान, वर घर, मध्ये कुरकुरणारा जिना. कापायचं लांब टेबल, दोन मशिनी, एक उभा आरसा, आणि पडद्यामागे ट्रायलची जागा. तिथे सडपातळ माणसालाच दोन्ही हात वर करता येत. चौकात तयार कपड्यांचं मोठं दुकान उघडल्यापासून ताई म्हणणारे कमी होत चालले होते.

"गिऱ्हाईक तुटतंय," साहेब म्हणाले. "तू त्यांच्या संपर्कात नाहीस."

"त्यांच्या काखेत टेप घालते मी," ताई म्हणाल्या. "आणखी किती संपर्कात राहू?"

साहेबांनी गिऱ्हाइकं सांभाळायची निरनिराळी सॉफ्टवेअरं पाहिली. सगळी दरमहा भाडं मागत होती, तेही दर माणशी.

"माणसं आपण दोघं," ताई म्हणाल्या, "त्यातलं काम एकच करतं. निम्म्यात देतात का विचारा."

निम्म्यात देत नव्हते. तेव्हा साहेबांनी ठरवलं, की जे फुकट आहे त्यालाच वाकवायचं. ईमेल फुकट होता. त्यांनी त्याला रंग दिले: कापड आलं की पिवळा, ट्रायल राहिली की लाल, कपडा नेला की हिरवा. ज्या पत्रात 'उसवलं' हा शब्द असेल ते आपोआप सगळ्यात वर येई. बरेच दिवस कुणी फिरकलं नाही, की यंत्र त्याची आठवण करून देई आणि साहेब त्याला एक तयार पत्र धाडत. मान्य करायला हवं, की हे चाललं. विसरलेली मंडळी जुने कोट घेऊन उगवू लागली. साहेब जेवताना सरळ बसू लागले.

राहिलं होतं ते ताईंच्या डोक्यातलं.

"सगळं तुझ्या डोक्यात आहे. उद्या तू आजारी पडलीस तर?"

"तर तुम्ही माझ्या उशाशी बसाल की गिऱ्हाइकांच्या?"

पण सांगितलं त्यांनी. दातात टाचण्या धरून सांगत होत्या, त्यामुळे साहेबांना बरंच दोनदा विचारावं लागलं. ताईंच्या वडिलांचा एक नियम होता: शिंप्यानं अंग बघावं, बोलू नये. माणूस आरशात चांगलं दिसायला येतो. कुणाचं पोट, कुणाचा पोक, कुणाचा एक हात आखूड. जे असेल ते कापडात जिरवायचं आणि तोंड शिवून ठेवायचं. ताईंनी तो नियम उभा जन्म पाळला होता. आता नवऱ्याला सांगणं म्हणजे काही बोलणं नव्हे, असं त्यांना वाटलं.

ईमेलमध्ये प्रत्येकाच्या नावाखाली टिपण लिहायला जागा असते. पण ताईंच्या फोनवर ती इतकी आत दडलेली, की तिथवर बोट नेण्याची त्यांची तयारी नव्हती. म्हणून साहेबांनी शक्कल लढवली: टिपण नावातच लिहायचं. पत्र आलं रे आलं, की नावाबरोबर माणूसही समोर उभा. हे त्या महागड्या कंपन्यांनाही सुचलं नव्हतं. का सुचलं नसावं, हा प्रश्न साहेबांना पडला नाही.

थंडीच्या तोंडावर त्यांनी सगळ्यांना एकेक पत्र पाठवलं: कोट, जाकिटं दाखवून घ्या, अस्तर बदलायचं असेल तर हीच वेळ. चाचणी म्हणून पहिलं पत्र स्वतःला धाडलं. पत्र कुणाला, त्या जागी 'साहेब' असं आलं. ते वाचून त्यांना बरंच वाटलं, आणि त्यांनी बाकीचा गठ्ठा सोडून दिला.

पहिलं उत्तर कसरतीच्या मास्तरांचं आलं. 'पोट आत घेऊन उभे राहतात, दोन बोटं जास्त धरा' या नावानं पत्र मिळाल्याचं कळवून त्यांनी लिहिलं होतं, की हल्ली ते घेत नाहीत, आत जातच नाही. वकीलबाईंचं नाव 'घासाघीस करतात, आधी वाढवून सांगा' असं होतं. त्यांचं उत्तर दोन शब्दांचं: 'किती वाढवून?' तिसऱ्यानं कोट परत मागितला, होता तसा.

तेव्हा साहेबांच्या ध्यानात आलं, की आपण ज्या नावानं माणूस जपून ठेवतो, तेच नाव पत्राच्या माथ्यावर बसून त्याच्या घरी जातं.

"म्हणजे सगळ्यांना सगळं कळलं?" ताईंनी विचारलं.

"नाही, नाही. ज्याचं त्याला."

"तेच तर नव्हतं सांगायचं."

त्या मशीन चालवत राहिल्या. त्यांचा पाय मात्र एका लयीत पडत नव्हता.

दुपारी औषधवाली आली. कोपऱ्यावरचं औषधांचं दुकान तिचं. ताईंच्या गुडघ्याची गोळी तिच्याकडून यायची आणि तिच्या मुलीचा शाळेचा कोट दरवर्षी ताईंकडून जायचा. हातात फोन होता. ती भांडायला आली असती तर साहेबांना सोपं गेलं असतं. माफी त्यांनी घोकून ठेवली होती.

"ताई, हे माझं नाव आहे का?" तिनं फोन पुढे केला.

साहेबांनी वाचलं. 'औषधवाली, मुलीचा डावा खांदा दरवर्षी खाली, पॅड वाढवा, सांगू नका.'

"चूक माझी आहे," साहेब म्हणाले.

"तुम्ही थांबा हो जरा." ती ताईंकडेच बघत होती. "दरवर्षी म्हणजे कधीपासून?"

ताईंनी कात्री खाली ठेवली. "सातवीपासून."

"आता ती दहावीत आहे."

"हो."

"मी रोज तिच्या वेण्या घालते, ताई. मला नाही दिसलं."

"दिसू नये म्हणूनच पॅड घालत होते," ताई म्हणाल्या. "वाढीचं वय. वाटलं, होईल सारखं. मुलींना लागतं ना असं काही बोललेलं."

"लागलं असतं. रडली असती दोन दिवस." औषधवाली स्टुलावर बसली. "लोक माझ्याकडे येऊन विचारतात, याला काय घेऊ, त्याला काय घेऊ. सगळ्या गल्लीची दुखणी मला पाठ आहेत."

तिनं फोन उलटा करून मांडीवर ठेवला.

शाळा सुटल्यावर मुलगी थेट दुकानात आली. आईनं बोलावलंय म्हणजे नवा कोट, अशा आनंदात. ताईंनी तिच्या अंगातला कोट काढून घेतला आणि डाव्या खांद्याचं अस्तर उसवलं. पॅडवर पॅड होतं, त्यावर आणखी एक, कडा इतक्या सफाईनं विरलेल्या, की बोटालाही कळू नयेत. ताईंच्या हातचं इतकं चांगलं काम साहेबांनी कधी नीट पाहिलंच नव्हतं. ताईंनी ते एकेक काढून टेबलावर ठेवलं आणि कोट मुलीला घातला.

आरशात कॉलर एका बाजूला कलली. डाव्या बाहीत मुलीची बोटं बुडाली.

"आई, कोट बिघडवला यांनी," मुलगी म्हणाली.

"कोट बरोबर आहे," ताई म्हणाल्या.

"वाक बरं पुढे," आई म्हणाली. "पायाचे अंगठे धर."

मुलगी हसत वाकली. पाठ एकाच बाजूनं वर आली, गादीखाली काहीतरी राहून गेल्यासारखी. मुलीला ते दिसत नव्हतं. तिनं खालूनच विचारलं, "झालं? उठू?"

त्यानंतर औषधवाली दुकानात आली नाही. आलं ते तिचं पत्र. मुलीच्या कण्याला बाक आलाय. कंबरेपासून काखेपर्यंतचा पट्टा, झोपतानासुद्धा, उंची वाढायची थांबेपर्यंत. आधी आणलं असतं तर कदाचित लागला नसता. 'कदाचित' हा डॉक्टरांचा शब्द आहे, असं तिनं मुद्दाम लिहिलं होतं. खाली एक ओळ: पट्ट्यावरून घालता येईल असं काहीतरी शिवावं लागेल, तिच्या मापाचं, जसं आहे तसं.

साहेबांनी हे पत्र कोणत्या रंगात घालावं म्हणून आपले सगळे रंग पाहिले. मग ते तसंच राहू दिलं.

"मी सगळं पुसून टाकतो," ते म्हणाले. "नावं नुसती नावं ठेवतो."

"पुसू नका. वाचा."

"काय?"

"माझ्या डोक्यातलं. पहिल्यापासून वाचा. मोठ्यानं."

साहेब वाचू लागले. ताई हातातलं काम टाकून ऐकत होत्या. तसं त्या कधी बसत नसत. पोक. पुढे. चपट्या पायांमुळे पँट आतून झिजते. पुढे. एक हात आखूड, जन्माचा, त्यांना माहीत आहे. पुढे. आयुष्यभर जे पोटात ठेवलं ते नवऱ्याच्या ऑफिसातल्या आवाजात ऐकताना त्यांचा चेहरा उतरत गेला.

"'घड्याळवाले आजोबा,'" साहेबांनी वाचलं, "'कंबर दर खेपेला कमी, माप मोठ्यानं म्हणू नका.'"

"थांबा."

साहेब थांबले.

"कापड सैल पडलं म्हणतात ते," ताई म्हणाल्या. "पँटी आणून देतात. मी बारीक करून देते. एकट्या माणसाला कशाला घाबरवायचं, म्हणून मीही म्हणते, हो, हल्ली कापडच तसलं येतं." त्या उठल्या. "त्यांचं उत्तर आलंय का तुमच्या पत्राला?"

"नाही. उघडलेलंही नसेल."

"फोन लावा."

साहेबांनी फोन लावला, वाजायला लागल्यावर ताईंच्या हातात दिला. तिकडे उचलायला वेळ लागला. मागे बरीच घड्याळं चालू असल्याचा आवाज येत होता.

"आजोबा, शिवणवाली ताई बोलतेय. डॉक्टरांकडे कधी गेला होतात?"

"मी कशाला जाऊ? मला काय धाड भरलीय?"

"तुमची कंबर उतरतेय, आजोबा. बरीच. मी बघतेय कधीपासून."

पलीकडे ते हसले. समजूत घालावी तसे.

"अहो ताई, कंबर उतरली असती तर मला कळलं नसतं का? तुम्ही शिवलेली पँट तर अगदी बरोबर बसते."