थांब, मी सांगते

मित्रांनो, मी एक जुनी चित्रवही आहे. माझे कोपरे झिजले आहेत, पाठीवर दोनदा नवे कापड चढवून झाले आहे आणि मधल्या एका पानावर दुधाचा डाग आहे. माझ्यात गोष्ट नाही, कविता नाही, गणितही नाही. तरी एका घरात बरीच वर्षे माझ्यावाचून पान हलत नसे.

त्या घरातल्या मुलीला सगळे खारूताई म्हणत. साडेचार वर्षांची झाली तरी ती एक शब्द बोलत नव्हती. कान तपासून आणले, ते ठणठणीत निघाले. तिला समजायचे पुष्कळ, पण मनातले ओठांवर येत नसे. मग ती किंचाळायची, स्वतःचाच हात चावायची. "लाडावून ठेवलीय," असे लोक म्हणत. तिची आई ते मुकाट्याने ऐकून घेई आणि दर मंगळवारी दोन बस बदलून तिला बोलण्याचे उपचार करणाऱ्या ताईंकडे नेई.

एके दिवशी ताई म्हणाल्या, "आधी तिच्या हातात शब्द देऊ या. तोंडात येतील तेव्हा येतील."

आई पुस्तकबांधणीच्या कारखान्यात कामाला होती. तिने उरलेल्या पुठ्ठ्यातून मला बेतले, जाड दोऱ्याने शिवले आणि पानापानावर चरचर आवाज करत सुटणाऱ्या चिकटपट्ट्या लावल्या. त्यांवर चित्रे बसली. पण छापील कप खारूताईला कप वाटेना. तेव्हा आईने तिच्याच कान तुटलेल्या निळ्या कपाचा फोटो काढून लावला. तो मात्र तिने लगेच ओळखला.

आजीला मी मुळीच आवडले नाही. एका मंगळवारी तीही ताईंकडे आली आणि म्हणालीच,

"चित्रं दाखवून भागतंय म्हटल्यावर ती बोलेल कशाला?"

"वहीमुळे बोलणं अडत नाही, आजी," ताई म्हणाल्या. "आपलं म्हणणं दुसऱ्याला कळतंय, हे लक्षात आलं की बोलायची ओढ वाढते."

"आणि हे 'नको'चं चित्र? आधीच काय कमी हट्टी आहे ती?"

"ते तर आधी हवं. नको म्हणता येत नाही म्हणून चावते ती."

मग शिकवणी सुरू झाली. आई समोर साबणाच्या फुग्यांची बाटली घेऊन बसायची. ताई मागून खारूताईचा हात धरून फुग्यांचे चित्र उचलायला मदत करायच्या. चित्र आईच्या हातात पडले की आई "फुगे!" म्हणून फुंकर घालायची. घरीही रोज हेच, मागे कधी बाबा बसायचे, कधी शेजारच्या काकू. बहुतेक वेळा खारूताई मला भिरकावून द्यायची. अशाच एका आपटण्यात माझी पाठ उसवली. आईने संध्याकाळी ती शिवली आणि सकाळी मला पुन्हा पुढ्यात ठेवले.

सहा आठवडे गेले. एका दुपारी कोणी हात धरलेला नसताना खारूताईने चर्रकन फुग्यांचे चित्र ओढले आणि मोरीपाशी जाऊन भांडी घासणाऱ्या आजीच्या फेसाळ हातात ठेवले. आजीने चित्राकडे पाहिले.

"अगं बाई! माझ्याकडे मागतेय ही!"

बाटली आणायलाही ती उठली नाही. दोन बोटांचे कडे करून तिने त्यातूनच एक मोठा फुगा फुंकला. त्या दिवशी भांडी फार उशिरा घासून झाली.

पुढे खारूताई शाळेत जाऊ लागली, तिथे मात्र माझे दिवस फिरले. "सगळ्याच मुलांना ती वही हवी होते, भांडणं लागतात," असे म्हणून वर्गाच्या बाईंनी मला कपाटावर ठेवून दिले. तिथे मी धूळ खात पडले. खाली खारूताई रोज दुपारी किंचाळायची, शेजारच्या मुलांना ढकलायची. शेवटी बाईंनी आईला बोलावले.

"आठवडाभर बघते. नाहीतर तुम्हाला दुसरी शाळा बघावी लागेल."

आईने वर कपाटाकडे पाहिले. तिचा आवाज चढला नाही, पण ती जागची हललीही नाही.

"बाई, ती वही म्हणजे माझ्या मुलीची जीभ आहे. बाकीच्या मुलांच्या जिभा तुम्ही कपाटावर ठेवता का?"

 बाईंनी स्वतः खुर्चीवर चढून मला खाली काढले आणि पदराने पुसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी खारूताईने माझ्यातली तीन चित्रे ओढून बाईंच्या टेबलावर ओळीने ठेवली. घंटा. कान. नको. बाईंनी खिडकीकडे पाहिले. मधल्या सुट्टीची घंटा बाहेर, बरोबर तिच्या बाकाच्या डोक्यावर टांगलेली होती.

"अरे देवा, मीच हिला रोज त्या घंटेखाली बसवत होते," त्या पुटपुटल्या. त्याच दिवशी बाक दुसऱ्या टोकाला गेला. किंचाळणे एका दिवसात थांबले नाही, पण महिनाभरात कोणी दुसऱ्या शाळेचे नाव काढेना.

पहिला शब्द सहाव्या वर्षी आला. "फु." एवढाच. पुढे एकेक करत आणखी आले, अडखळत, धडपडत. आता ती आठ वर्षांची आहे. फार थकली किंवा रडू आले तरच मला जवळ घेते. एरवी मी टेबलाच्या खणात असते. वाईट वाटते का? थोडे वाटते, खोटे कशाला बोलू?

पण गेल्या रविवारी खण उघडाच होता. पाहुण्यांनी खारूताईला विचारले, "मोठेपणी काय होणार तू?" तिने तोंड उघडले, शब्द अडकला. क्षण गेला, दुसरा गेला. आजीला राहवेना. ती म्हणाली, "अहो, ती की नाही..."

"थांब, आजी." खारूताईने हात वर केला. "मी सांगते."

आजीने तोंडावर हात ठेवला. खोलीत कोणी हलेना. बराच वेळ लागला.

"मी... बस... चालवणार. मोठी."

मित्रांनो, तुमच्या वर्गातही असे कोणी असेल. त्याची वही उचलून ठेवू नका आणि त्याचे वाक्य तुम्ही पुरे करू नका. फक्त थांबा. त्याला सांगायचे आहे.